केफॅलिक आर्चला दोनदा बलून झाला, आता कव्हर्ड स्टेंट सांगितलाय: आकार, सुया, पुढचं लक्ष

चोपडा_डायलिसिस

राम राम मंडळी. युनिटमधल्या एका पेशंटबद्दल विचारायचंय. वय ५८, शुगर नाही, कोरडं वजन (जादा पाणी काढल्यावरचं) ६० किलो. डाव्या हाताला कोपराजवळ ब्रेकिओसेफॅलिक फिस्टुला (डायलिसिससाठी दंडाची धमनी केफॅलिक नसेला जोडलेली), दोन वर्षं चालू. आठवड्याला तीन डायलिसिस, चार तास, १६ गेज सुया, पंप मिनिटाला ३०० मिली.

व्हीनस प्रेशर (रक्त मशीनमधून नसेत परत जातानाचं) आधी १३०-१४० असायचं. ते वाढत २२० वर गेलं. सुई काढल्यावर रक्त थांबायला २५ मिनिटं लागायला लागली. हात वर केला तरी फिस्टुला बसत नव्हता, थ्रिलच्या (बोटांना लागणाऱ्या थरथरीच्या) जागी नाडीसारखे ठोके लागत होते. यूआरआर (एका डायलिसिसमध्ये किती टक्के युरिया निघाला ते) ७० वरून ६१. फिस्टुलोग्राममध्ये (डाय सोडून काढलेल्या चित्रात) केफॅलिक आर्चला, म्हणजे ही नस खांद्यापाशी वळते तिथे, ८० टक्के अरुंदपणा निघाला.

जागा रुंद करायला आत फुगवलेला पहिला बलून ७ मिमीचा. तीन महिन्यांत सगळं परत तसंच. दुसरा ८ मिमीचा हाय-प्रेशर, रिपोर्टमध्ये लिहिलंय 'रिकॉइल, शिल्लक अरुंदपणा ४० टक्के'. त्याला सहा आठवडे झाले आणि प्रेशर पुन्हा २०० च्या वर. आता कव्हर्ड स्टेंट (पापुद्रा लावलेली जाळीची नळी) टाकायचं ठरतंय.

प्रश्न असे: साधा स्टेंट चालणार नाही का, दोघांच्या किमतीत बराच फरक आहे? माप कसं ठरतं? आणि स्टेंटनंतर सुया कुठे टोचायच्या, युनिटमध्ये काय काय बघायचं?

कॅथलॅब_जळगाव

भाऊ, माहिती नीट दिली आहे. आधी एक गोष्ट रिपोर्टमध्ये शोधा. दुसऱ्या वेळी बलून पूर्ण फुगवल्यावर त्याची 'कंबर' गेली होती का? सगळा निर्णय त्यावर आहे.

अरुंद जागेत बलून फुगवला की मधे तो डमरूसारखा आवळलेला दिसतो. प्रेशर वाढवत नेलं की एका क्षणी ती कंबर सुटते आणि बलून सरळ होतो. पुढे दोन शक्यता असतात. कंबर सुटली, पण बलून रिकामा केल्यावर नस रबरासारखी परत आवळली, तर तो रिकॉइल. स्टेंटचं काम नेमकं इथेच आहे, नसेला आतून टेकू देणं. दुसरी शक्यता म्हणजे कंबर सुटलीच नाही. मग स्टेंट टाकायची घाई नको. जी जागा २५-३० ॲटमॉस्फिअरच्या बलूनला जुमानत नाही, ती स्टेंटच्या नायटिनॉल धातूच्या जाळीला काय जुमानणार? स्टेंट तिथे आवळलेलाच राहतो. आधी अरुंदपणा, आता अरुंदपणा अधिक धातू, एवढाच फरक. तिथे कटिंग बलून किंवा ४० ॲटमॉस्फिअरपर्यंत जाणारा अल्ट्रा-हाय-प्रेशर बलून वापरून आधी जागा मोकळी करायची, स्टेंटचा विचार त्यानंतर.

धमनीच्या बलूनची सवय असलेल्यांना हे प्रेशर जास्त वाटतं, पण फिस्टुलाच्या नसेतला अरुंदपणा वेगळा असतो. धमनीत चरबी नि चुना साचतो. इथे भिंतीच्या आतल्या थरातल्या पेशी वाढून चिवट, दोऱ्यासारखं तंतुमय कडं तयार होतं. आर्चला त्यात आणखी भर आहे. नस खांद्यापाशी खोल वळते, तिथे तिच्याभोवती घट्ट पडदा असतो त्यामुळे तिला फुगायला जागा नाही, झडपा असतात, आणि कोपराच्या फिस्टुलाचा सगळा प्रवाह त्या एका वळणावर आदळतो. मनगटाच्या फिस्टुलात आर्चचा त्रास कमी दिसतो, कारण प्रवाह मुळात कमी आणि तो कोपराशी बॅसिलिककडेही (दंडाच्या आतल्या बाजूची दुसरी नस) वाटला जातो.

आता साधा की कव्हर्ड. साधा स्टेंट म्हणजे नुसती जाळी. तिच्या खिडक्यांमधून तीच पेशींची वाढ आत शिरते. कव्हर्डवर ईपीटीएफईचा (टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकचा) पापुद्रा असतो, म्हणून मधून वाढ येत नाही. नेमक्या याच जागेवर, केफॅलिक आर्चवर, २००८ साली दोघांची तुलना छापून आली होती. पेशंट फक्त २५, त्यामुळे फार ताणू नये, पण फरक मोठा होता: तीन महिन्यांनी साध्या स्टेंटमध्ये ७० टक्के परत अरुंद, कव्हर्डमध्ये १८ टक्के. केडीओक्यूआयच्या (अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या) २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही फिस्टुला आणि ग्राफ्ट (नसेऐवजी कृत्रिम नळी) यांच्या अरुंदपणासाठी साधा स्टेंट टाळा असंच सांगतात. साधा स्टेंट स्वस्त पडतो खरा, पण चार महिन्यांनी त्याच्या आत पुन्हा बलून, मग त्याच्याही आत कव्हर्ड, असा हिशेब केला की स्वस्ताई उरत नाही.

विक्रेते दाखवतात तो ५१ (कव्हर्ड) विरुद्ध २३ टक्के (नुसता बलून) आकडाही नीट वाचा. तो २०१० च्या अभ्यासातला आहे आणि कृत्रिम ग्राफ्ट नसेला जोडतात त्या सांध्याचा आहे. सहा महिन्यांनी उपचाराची जागा किती जणांत मोकळी राहिली, एवढंच तो सांगतो. तुमच्या पेशंटची नस स्वतःची आहे आणि जागा आर्च. दिशा तीच असली तरी तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येत नाही.

माप ठरवताना अरुंद जागा मोजत नाहीत, तिच्या शेजारची निरोगी नस मोजतात. ती ७ मिमी असेल तर ८ चा स्टेंट, म्हणजे साधारण मिलिमीटरभर मोठा. लहान पडला तर भिंतीला नीट टेकत नाही, सरकतो. फार मोठा घेतला तर टोकांशी भिंतीला सतत टोचत राहतो आणि नवा अरुंदपणा टोकाशीच येतो. त्यातून पापुद्रा पूर्ण उघडला नाही तर आत चुण्या पडतात आणि त्यांत गुठळी धरते. लांबी अशी घ्यायची की अरुंद भागाच्या दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर निरोगी नस झाकली जाईल. आर्चला बहुतेक वेळा ४ ते ६ सेंमी पुरतो. वळणावर बसणार आहे, त्यामुळे लवचीक जातीचाच हवा. ताठ नळी वळणावर स्वतः सरळ व्हायला बघते आणि दोन्ही टोकांशी नसेला मुरड पडते.

स्टेंट सुटल्यावर आतून बलून फुगवून तो भिंतीला बसवतात, तेव्हा बलूनचं टोक स्टेंटच्या बाहेर जाता कामा नये. बाहेरच्या नसेला झालेली तेवढी इजाही तीन महिन्यांनी टोकाशी अरुंदपणा बनून परत येते. कव्हर्ड स्टेंटचं दुखणं मधे नसतंच, ते कडेला असतं.

सिस्टर_धुळे

कॅथलॅबचं वर आलंच आहे, युनिटचं मी सांगते.

पाठवण्याआधी: प्रोसिजर डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवायला सांगा. पोटॅशियम खाली असतं, अंगात पाणी कमी असतं, पेशंटला सपाट झोपता येतं. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), पोटॅशियम नवे काढून द्या. आयोडीनच्या डायची ॲलर्जी आधी झाली असेल तर कागदाच्या डोक्यावर लाल पेनाने लिहा. लघवी अजून थोडी होत असेल तर तेही लिहा, म्हणजे डाय बेताने वापरतील. आणि मागच्या दोन्ही फिस्टुलोग्रामच्या सीडी सोबत द्या. नुसता रिपोर्ट पुरत नाही, जुनी चित्रं बघूनच लांबी आणि टोकं ठरतात.

परत आल्यावर पहिली गोष्ट शोधायची ती म्हणजे कातडीला घातलेला टाका. आठ मिमीचा कव्हर्ड स्टेंट न्यायला ८-९ फ्रेंचची शीथ (नसेत घालायची जाड नळी) लागते. तिचं छिद्र सुईसारखं बोटाने दाबून नीट बंद होत नाही, म्हणून कातडीला गोल फास घालून टाका घेतात. तो पुढच्या डायलिसिसला, म्हणजे २४ ते ४८ तासांत काढायचा असतो. डिस्चार्ज कार्डावर हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. आठवडाभर राहिला तर खालची कातडी काळी पडते, जंतू शिरतात, आणि फिस्टुलावरची कातडी गेली की रक्तस्राव जिवावर बेततो.

सुयांचं तुमच्या केसमध्ये सोपं आहे. स्टेंट खांद्यापाशी, सुया दंडाच्या खालच्या-मधल्या भागात. पुढच्याच डायलिसिसला नेहमीच्या पट्ट्यात टोचता येईल, फक्त शीथच्या छिद्राची जागा दोन आठवडे सोडा. जोडाच्या सांध्यापासून तीन सेंमी दूर, दोन सुयांमध्ये पाच सेंमी अंतर, आणि दर वेळी जागा थोडी पुढे-मागे. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे फुगा येतो आणि दोन फुग्यांच्या मधली नस अरुंद होते. मग तोही दोष आर्चच्या नावावर जातो.

स्टेंट सुयांच्याच पट्ट्यात असेल, जसं फुगा झाकायला टाकतात, तर त्यातून टोचायचं नाही. सुईने ईपीटीएफईला पडलेलं भोक नसेच्या भिंतीसारखं भरून येत नाही, जाळीची तार तुटते, तुटलेली तार कातडीतून वर येते, आणि तिथे जंतू बसले तर नुसत्या अँटिबायोटिकने निघत नाहीत, स्टेंटच काढावा लागतो. अशा पेशंटच्या हाताचं चित्र फाइलला चिकटवा: स्टेंटची दोन्ही टोकं कोपराच्या घडीपासून किती सेंमी, आणि 'इथे सुई नाही'. नव्या टेक्निशियनला बोटांनी स्टेंट कळेलच असं नाही, लठ्ठ हातात तर नाहीच.

लक्ष ठेवायचं ते असं. पहिल्या पाच मिनिटांत पंप २०० ला ठेवून, त्याच गेजच्या सुईने व्हीनस प्रेशर लिहा, दर वेळी. ३०० चं प्रेशर आणि २०० चं प्रेशर एकाच रकान्यात लिहिलं तर तो आलेख कचऱ्यात टाकायच्या लायकीचा. स्टेंटनंतरच्या पहिल्या तीन डायलिसिसची सरासरी हा त्या पेशंटचा नवा पाया. पुढे लागोपाठ तीन वेळा चढ दिसला तर कळवायचं, एका वेळेचा चढ सुईचं तोंड भिंतीला लागल्यानेही असू शकतो. रक्त थांबायचे मिनिटं घड्याळ लावून लिहा, 'जास्त वेळ लागला' असं नको. हेपारिनचा डोस तोच असताना १५ मिनिटांच्या वर जायला लागलं की पुढचा रस्ता अडतोय असं समजा. आणि सुया टोचायच्या आधी दर वेळी हात: वर उचलला की फिस्टुला बसतो का, थ्रिल लांबपर्यंत लागतं का, की नुसते ठोके.

आर्टिरियल प्रेशर उणे २५० च्या खाली ओढत असेल तर दोष आर्चचा नाही, तो अलीकडचा आहे: जोडाचा सांधा किंवा धमनी. दोन वेगळ्या तक्रारी आहेत, रेफरल लिहिताना एकत्र करू नका.

चोपडा_डायलिसिस

सिस्टर, टाक्याचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. कॅथलॅबभाऊ, रिपोर्ट पुन्हा वाचला. '२४ ॲटमॉस्फिअरला कंबर पूर्ण गेली, बलून काढल्यावर ४० टक्के' असंच आहे. म्हणजे रिकॉइल. औषधी बलूनचा (औषध लावलेल्या) विषय आमच्याकडे मधे निघाला होता, तो आधी करून बघावा का?

कॅथलॅब_जळगाव

या केसमध्ये नको. पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा बलून वाढणाऱ्या पेशी थोपवतो, टेकू देत नाही. त्याच्या २०२० च्या मोठ्या अभ्यासात सहा महिन्यांनी जागा मोकळी राहण्यात ८२ (औषधी) विरुद्ध ६० टक्के (साधा बलून) असा चांगला फरक आला, पण त्यात अट होती की आधी हाय-प्रेशर बलूनने जागा ३० टक्क्यांच्या आत मोकळी झालेली हवी. तुमच्याकडे ४० टक्के तिथल्या तिथे शिल्लक आहे. आवळलेल्या भिंतीला औषध लावून ती उघडत नाही. पहिल्या बलूनच्या वेळी वापरला असता तर गोष्ट वेगळी.

हात_शस्त्रक्रिया

थोडं थांबा. वर सगळं बरोबर आहे, पण दोन गोष्टी विचारल्याच गेल्या नाहीत.

पहिली: फिस्टुलाचा एकूण प्रवाह किती? डॉपलरवाल्याला दंडाच्या धमनीवर मोजायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. मिनिटाला ६०० ते १२०० मिली असेल तर ठीक. पण कोपराचे फिस्टुला दोन वर्षांत २००० मिलीच्या वरही जातात. तसं असेल तर आर्च परत परत अरुंद होतोय तो आजार नव्हे, परिणाम आहे. नळाला जोर तेवढाच ठेवून पुढची नळी कितीदा बदलणार? आधी जोडापाशी बँडिंग करून (नस बाहेरून आवळून) प्रवाह उतरवावा, हृदयावरचा ताणही उतरतो. आणि प्रवाह २००० असताना आर्च पूर्ण मोकळा केला तर धाप वाढायची शक्यता असते, तेही ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट स्टेंटच्या आतल्या टोकाची. केफॅलिक नस जिथे काखेतल्या मोठ्या नसेला मिळते तिथे बॅसिलिककडून येणारा रस्ताही असतो. कव्हर्ड स्टेंटचं टोक त्या मोठ्या नसेत दोन सेंटीमीटर लोंबकळत राहिलं तर बॅसिलिकचं तोंड झाकलं जातं. आज काहीच कळणार नाही, प्रेशर छान येईल. दोन वर्षांनी हा फिस्टुला संपला आणि त्याच दंडात बॅसिलिकचा फिस्टुला करायला गेलो, की रस्ता पापुद्र्याने बंद. म्हणजे एका स्टेंटपायी अख्खा हात गेला. केडीओक्यूआय म्हणतंच की कव्हर्ड स्टेंट टाकण्याआधी पुढच्या फिस्टुलाच्या जागांचा विचार करा. याचा अर्थ नेमका हा.

म्हणून रेफरलमध्ये एक ओळ लिहा: 'आतलं टोक काखेच्या नसेत जाऊ नये, बॅसिलिक मोकळी ठेवावी.' उद्धटपणा वाटायचं कारण नाही.

तिसरा पर्यायही आहे. केफॅलिक नस आर्चच्या आधी कापून, कातडीखालून वळवून दंडातल्या बॅसिलिक किंवा काखेच्या नसेला जोडायची. टर्नडाउन म्हणतात. आत धातू नाही, सुयांचा पट्टा तोच राहतो, बहुतेकांना मधे कॅथेटरही लागत नाही. नवा सांधाही पुढे अरुंद होऊ शकतो, पण तो सरळ असतो आणि बलूनला बरा दाद देतो. ५८ वय, शुगर नाही, म्हणजे या माणसाला अजून बरीच वर्षं डायलिसिस काढायची आहे. इथे माझा कौल आधी शस्त्रक्रियेच्या मताला. हृदय कमजोर असलेला ७५ वर्षांचा पेशंट असता तर मीच स्टेंट म्हटलं असतं.

कॅथलॅब_जळगाव

प्रवाहाचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. टर्नडाउनबद्दल अर्धं मान्य. बॅसिलिक आणि काखेची नस निरोगी आहेत का, हे फिस्टुलोग्राममध्ये दाखवून घेतल्याशिवाय तो पर्याय कागदावरच राहतो. आर्च अरुंद असताना डाय बहुतेक मागे राहते आणि बॅसिलिक दिसतच नाही, म्हणून ती वेगळी भरून बघावी लागते.

टोकाबद्दल: अडचण अशी की अरुंदपणा बऱ्याचदा अगदी संगमावरच असतो. अलीकडे थांबलो तर शेवटचे पाच मिलिमीटर उघडे राहतात आणि तिथेच परत आवळतं, पलीकडे गेलो तर बॅसिलिक झाकली जाते. यावर उपाय म्हणजे एक्स-रेची नळी तिरकी फिरवून संगम उलगडून दिसेल असा कोन घ्यायचा आणि काखेच्या नसेत दुसरी वायर खूण म्हणून ठेवायची. स्टेंटची टोकदर्शक खूण त्या वायरच्या आत जाऊ द्यायची नाही. समोरून काढलेल्या एकाच चित्रावर स्टेंट सोडला तर सेंटीमीटरची चूक सहज होते. शिवाय सोडताना पेशंटने खांदा हलवला तर तेवढीच चूक परत, म्हणून हात नेहमीच्या ठेवणीत, अंगालगत ठेवून एकदा तपासून घ्यायचं. हात बाजूला पसरलेला असताना वळण वेगळं दिसतं आणि खाली आणल्यावर वेगळं.

नंदुरबार_टेक

याच धाग्यात विचारतो, रागावू नका. एका पेशंटला आधी उजव्या कॉलर बोनखालून सबक्लेव्हियन कॅथेटर दोन महिने होतं, आता उजव्याच हाताला फिस्टुला. हात सुजलाय, छातीवर नसा दिसतात. तिथेही कव्हर्ड स्टेंटच का?

कॅथलॅब_जळगाव

ती वेगळी जात आहे. कॅथेटरने छातीतली मोठी नस चरली आणि आता तिथे अरुंदपणा आहे. डायलिसिसला सबक्लेव्हियन टाळा असं म्हणतात त्याचं कारण हेच.

सूज आहे म्हणून उपचार हवा. चित्रात ६० टक्के दिसतंय पण हात सुजलेला नाही, प्रेशर ठीक, अशा केसला मात्र हात लावू नये. छेडल्यावर अशा जागा जास्त वेगाने अरुंद होतात असं दिसलेलं आहे. तुमच्याकडे पहिली पायरी मोठा बलून, १० ते १४ मिमी. लगेच परत आवळलं किंवा तीन महिन्यांच्या आत परत आलं तरच स्टेंट. स्टेंटचं टोक मानेच्या नसेच्या तोंडावर येता कामा नये, नाहीतर पुढे कॅथेटरची जागा गेली. दुसऱ्या बाजूच्या नसेचा रस्ताही झाकू नये. आणि कॉलर बोन व पहिली बरगडी यांच्या चिमट्यात, म्हणजे सबक्लेव्हियनच्या बाहेरच्या भागात, स्टेंट टाळायचा. हात वर-खाली होताना हाडं त्याला चेमटवतात आणि तो तुटतो. इथे माप लहान पडणं फार महागात जातं, सुटलेला स्टेंट थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात जातो.

पेसमेकर आहे का तेही बघा. त्याच बाजूला तारा असतील तर त्या स्टेंट आणि भिंतीच्या मधे दाबल्या जातात, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सिस्टर_धुळे

चोपड्याच्या केसवर परत येते. आपल्याकडचा एप्रिल-मे लक्षात घ्या. ४४-४५ डिग्रीत पेशंट बसने येतो, घामाने आधीच सुकलेला असतो, आणि आपण चार्टवरचं जुनं कोरडं वजन धरून तीन लिटर काढतो. रात्री बीपी ९० वर, सकाळी थ्रिल गायब. नवा स्टेंट असो वा जुनी नस, प्रवाह मंदावला की गुठळी धरते. तासाला किलोमागे १३ मिलीच्या वर काढू नका. ६० किलोला चार तासांत ही मर्यादा ३१०० मिलीच्या आसपास येते, आणि उन्हाळ्यात त्याच्या बरंच अलीकडे थांबलेलं बरं. कोरडं वजन महिन्याला नव्याने ठरवा. (पाण्याची तहान भागवायला केळी खाणारे आपल्याकडे कमी नाहीत, पोटॅशियमचं तेवढं बजावून सांगा.)

पेशंटला घरी शिकवायचं एकच: सकाळ-संध्याकाळ बोटांनी थ्रिल बघणं. गेलं तर पुढच्या पाळीची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी फोन. पहिल्या २४ ते ४८ तासांत गुठळी काढणं सोपं असतं, पुढे ती भिंतीला चिकटते. चोळायचं नाही, शेकायचं नाही, 'बघू या लागतंय का' म्हणून सुई घालायची नाही. मधे डायलिसिस लागलंच तर कॅथेटर उजव्या मानेत, फिस्टुलाच्या बाजूला नको, सबक्लेव्हियन तर नकोच.

त्या हाताला बीपी नाही, रक्त काढणं नाही, खांद्यावर जड पिशवीचा पट्टा नाही. आर्चच्या स्टेंटला पिशवीचा पट्टा नेमका चेमटवतो. शेतात फवारणीचा पंप पाठीवर घेणारे असतील तर त्यांना हे वेगळं सांगावं लागतं, 'पिशवी' म्हटलं की पंप त्यात धरत नाहीत.

शिरपूर_बिलिंग

पैशांबद्दल दोन ओळी. २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटला. हाताच्या नसेत जाणारा कव्हर्ड स्टेंट त्यात येत नाही, त्यामुळे 'स्टेंट तीस हजारात मिळतो' हे गृहीत धरून नातेवाईकांना सांगू नका. महात्मा फुले योजनेतून जायचं असेल तर प्रोसिजरच्या आधी आरोग्यमित्राकडे विचारा: मंजुरी कशाला मिळतेय, नुसत्या अँजिओप्लास्टीला की स्टेंटसह, आणि वरचा फरक कुणी भरायचा. टेबलवर झोपल्यावर हा प्रश्न निघाला तर उत्तर काहीही असलं तरी सही होतेच.

माप आधी कळवून ठेवा. कव्हर्ड स्टेंटची सगळी मापं प्रत्येक कॅथलॅबच्या कपाटात नसतात, वितरकाकडून मागवावी लागतात. ८ नाही म्हणून १० टाकला असं व्हायला नको. ७, ८, ९ अशी तिन्ही टेबलापाशी असतील अशीच तारीख घ्या. झाल्यावर पाकिटावरचा स्टिकर फाइलला, दुसरा पेशंटच्या कार्डावर. एमआरआयच्या वेळी हेच विचारतात. नायटिनॉलचे स्टेंट ठरलेल्या मर्यादेत एमआरआयला चालतात, पण कोणता हे दाखवावं लागतं.

चोपडा_डायलिसिस

डॉपलर करून आणला. दंडाच्या धमनीवर १३५० मिली. आणि पुढच्या तपासणीत बॅसिलिक वेगळी भरून दाखवा असं रेफरलवर लिहिलंय, टोकाची ओळही लिहिली. शेवटचं: स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल किती दिवस? आणि बलूनने नस फाटली तर तिथेच कव्हर्ड टाकतात म्हणे, ते कसं?

हात_शस्त्रक्रिया

१३५० म्हणजे वरच्या अंगाला, पण बँडिंगची निकड नाही. सहा महिन्यांनी परत मोजा. बॅसिलिक चांगली निघाली तर टर्नडाउनचं मत घ्या, खराब निघाली तर स्टेंटच बरा, आणि मग टोकाची भीतीही कमी.

कॅथलॅब_जळगाव

क्लोपिडोग्रेल अनेक ठिकाणी ७५ मिग्रॅ एक ते तीन महिने देतात, पण फिस्टुलाच्या स्टेंटसाठी सर्वांनी मानलेला एकच नियम नाही. डायलिसिसच्या पेशंटला रक्तस्राव लवकर होतो. पोटाचा अल्सर, आधीपासूनची ॲस्पिरिन, डायलिसिसमधलं हेपारिन हे सगळं मोजून नेफ्रॉलॉजिस्ट ठरवतील. सुरू केलं तर तुमच्या रक्त थांबायच्या मिनिटांच्या रकान्यात तारीख टाकून लिहा, नाहीतर गोळीने वाढलेली मिनिटं स्टेंटच्या माथी मारली जातील.

फाटण्याचं: डाय नसेबाहेर पसरलेली दिसते, दंडात गोळा येतो. वायर अजिबात काढायची नाही, तोच रस्ता आहे. तोच बलून फाटलेल्या जागी परत नेऊन कमी प्रेशरने तीन ते पाच मिनिटं फुगवून ठेवायचा, आतून दाबल्यासारखं. बहुतेक फाटे एवढ्यावर मिटतात. एकदा-दोनदा करूनही डाय बाहेर येत असेल तर कव्हर्ड स्टेंट, तो पापुद्रा भोक झाकतो. म्हणूनच आर्चला ३० च्या वर प्रेशर न्यायचं ठरलं असेल तर त्या मापाचा कव्हर्ड आधी टेबलापाशी हवा. मागवायला वेळ नसतो.

चोपडा_डायलिसिस

समजलं. तारीख पुढच्या बुधवारी मिळाली आहे, डायलिसिस मंगळवारी ठेवलंय, टाका गुरुवारच्या पाळीला काढायची नोंद फाइलच्या पहिल्याच पानावर केली आहे. बॅसिलिकचं चित्र आलं की इथेच टाकतो.